निरपराधांची असत्ये

इंग्रजी रहस्यकादंबरीतील पात्रे म्हणजे कथानकाच्या सोयीसाठी मांडलेली लाकडी बाहुली, हा आक्षेप इतका जुना आणि इतका सर्वमान्य झाला आहे, की तो घेणाऱ्यास आताशा पुरावा सादर करण्याची आवश्यकताही भासत नाही. १९४४ च्या डिसेंबरात रेमंड चँडलर यांनी, म्हणजे त्याच धंद्यातल्या एका कसबी लेखकाने, 'अटलांटिक मंथली'त लिहिलेल्या निबंधात इंग्रजी वाड्यांतून आणि बागबगीच्यांतून होणाऱ्या या सुबक खुनांची यथेच्छ टवाळी केली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १९४५ च्या आरंभी, एडमंड विल्सन या मातब्बर अमेरिकन समीक्षकाने, रॉजर अ‍ॅक्रॉइडला कोणी का मारले असेना, आपल्याला त्याचे काय, अशा आशयाचे शीर्षकच आपल्या लेखाला देऊन सगळे प्रकरण दप्तरदाखल करून टाकले. तेव्हापासून आजतागायत सुशिक्षित वाचक या कादंबऱ्या वाचतो खरा, पण आगगाडीत वाचतो, आणि वाचल्याची कबुली देताना किंचित ओशाळतो.

या फिर्यादीचा एक भाग मान्य करण्यास मला अडचण वाटत नाही. खुनी माणसाच्या अंतःकरणाचा शोध हा या कादंबरीचा विषय नव्हे, आणि तिच्या बांधणीमुळे तो होऊही शकत नाही. दस्तयेव्हस्कीला रास्कोल्निकॉव्हच्या मनात शेकडो पाने वावरता आले, कारण त्या म्हातारीच्या डोक्यात कुऱ्हाड कोणी घातली हे त्याने वाचकापासून लपवलेलेच नव्हते; उलट ज्या लेखकाला ते नाव अखेरच्या प्रकरणापर्यंत दडवून ठेवायचे आहे, त्याने त्या मनाचे दार जरा किलकिले केले तरी खेळ आटोपला. म्हणून खुन्याचा हेतू, मग तो वारसा असो, मत्सर असो की गुपित जाणणाऱ्याचे तोंड बंद करण्याची निकड असो, शेवटच्या चार पानांत कैफियतवजा उरकावा लागतो, आणि तो वाचून विल्सनसाहेबांसारख्यांचे समाधान होत नाही हे रास्तच आहे. पण ज्या घरात खून पडतो त्या घरात खुनी बहुधा एकच असतो आणि उरलेली सात-आठ माणसे निर्दोष असतात. ती सगळी तपासणी अंमलदारासमोर काही ना काही दडवतात, आणि का दडवतात याचा उलगडा करण्यात कादंबरीची तीन-चतुर्थांश पाने खर्ची पडतात. विल्सन यांनी झडती घेतली ती चुकीच्या खोलीची. अभिजात रहस्यकादंबरीतले मनोविज्ञान निरपराध माणसाच्या खोटे बोलण्यात साठवलेले आहे, आणि ते तिथे शोधले तर पुष्कळ सापडते, असे माझे म्हणणे आहे.

हे सिद्ध करण्यासाठी काही कादंबऱ्यांतली गुपिते मला उघड करावी लागणार आहेत. ज्यांनी त्या वाचल्या नाहीत आणि ज्यांना नाव आधी कळल्याने रसभंग होतो, त्यांनी हा लेख इथेच मिटून ठेवावा. मात्र नाव कळल्यानंतर जी कादंबरी दुसऱ्यांदा वाचवत नाही ती पहिल्यांदा वाचण्याच्या लायकीची होती का, याचाही विचार त्यांनी फुरसतीने करावा.

या प्रकाराचे मूळ एका खऱ्या खुनाशी जाऊन भिडते. १८६० च्या जूनअखेरीस इंग्लंडातील विल्टशर परगण्यात, रोड नावाच्या खेड्यातील एका प्रतिष्ठित घरातून चार वर्षांचेही न झालेले एक मूल रात्री बिछान्यातून नाहीसे झाले आणि सकाळी आवारातल्या शौचकूपात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडले. घर रात्री आतून बंद केलेले होते, म्हणजे मारेकरी घरातलाच असणार. स्थानिक पोलिसांच्या हातून काही निष्पन्न होईना तेव्हा लंडनहून जोनाथन व्हिचर या नामांकित डिटेक्टिव्हला पाचारण करण्यात आले, आणि त्याने धोब्याकडे द्यायच्या कपड्यांच्या यादीत एक रात्रीचा झगा कमी भरतो एवढ्या दुव्यावर मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीला, कॉन्स्टन्स केंटला, अटक केली. पुरावा अपुरा म्हणून ती सुटली. आणि मग वर्तमानपत्रांचा व लोकमताचा जो डोंब उसळला तो व्हिचरवर. एका कामकरी वर्गातल्या माणसाने सभ्य गृहस्थाच्या घरात शिरून, तिथल्या कुमारिकेच्या अंतर्वस्त्रांची मोजदाद करावी, हा प्रकार इंग्रजी मध्यमवर्गाला मुलाच्या खुनाइतकाच असह्य वाटला. पाच वर्षांनी कॉन्स्टन्सने आपण होऊन कबुलीजबाब दिला, तिला झालेली फाशीची शिक्षा कमी करण्यात आली, वीस वर्षे तुरुंगात काढून ती पुढे ऑस्ट्रेलियात परिचारिका झाली आणि १९४४ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी वारली. व्हिचरचा तर्क खरा ठरला, पण तोवर त्याची नोकरी आणि उमेद दोन्ही संपली होती. आणि कॉन्स्टन्सचा तो कबुलीजबाबही पूर्ण खरा होता की घरातल्या दुसऱ्या कोणाला पाठीशी घालण्यासाठी तिने सगळा भार एकटीने उचलला, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

विल्की कॉलिन्स यांनी हे प्रकरण बारकाईने वाचले होते. १८६८ साली डिकन्स यांच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द मूनस्टोन'मध्ये तो नाहीसा झालेला रात्रीचा झगा आहे, कपड्यांची यादी आहे, आणि लंडनहून आलेला, गुलाबांचा शौक असलेला सार्जंट कफ हा डिटेक्टिव्हही आहे. मात्र खुनाच्या जागी चोरी आहे, तीही श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने बळकावलेल्या, मूळच्या सोमनाथच्या देवाच्या हिऱ्याची. हा हिरा रेचल व्हेरिंडर या तरुणीला तिच्या अठराव्या वाढदिवशी मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. दुसऱ्या दिवसापासून रेचल जी मौन धरते ते जवळजवळ वर्षभर सोडत नाही. आपल्या कपाटाची झडती देण्यास ती नकार देते, पोलिसांशी बोलत नाही, आणि जो फ्रँकलिन ब्लेक तिच्यावर जीव टाकतो व तपास लागावा म्हणून जिवाचे रान करतो, त्याचा तर सर्वांत जास्त अपमान करते. सार्जंट कफ हा आयुष्यभर मोठ्या घरांतल्या भानगडी निस्तरलेला माणूस. त्याच्या अनुभवाचा निष्कर्ष असा, की ऐपतीबाहेर कर्ज करून बसलेल्या एका श्रीमंत मुलीने स्वतःचाच हिरा पळवून गहाण टाकला आहे.

खरी गोष्ट अशी असते, की मध्यरात्री आपल्या प्रियकराला तो हिरा उचलताना रेचलने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. फ्रँकलिनला त्याची गंधवार्ता नसते, कारण जेवणाच्या वेळी त्याने वैद्यकशास्त्राची थट्टा केली म्हणून डॉक्टरने गंमत करायची म्हणून त्याला नकळत अफू पाजलेली असते आणि त्याने ते सारे त्या गुंगीत केलेले असते. आता या दोन मनांची परस्परांशी होणारी टक्कर पाहावी. फ्रँकलिन निर्दोष आहे म्हणून तो उत्साहाने तपास करतो. आणि तो जितक्या उत्साहाने तपास करतो तितका रेचलला तो अधिक निर्लज्ज, अधिक निगरगट्ट ढोंगी वाटतो. तिने एक शब्द उच्चारला तर तो तुरुंगात जाईल, म्हणून ती बोलत नाही. आणि बोलत नाही म्हणून लोक तिलाच चोर समजतात, हेही ती सोसते. पण हे सोसणे प्रेमळ त्यागाचे मुळीच नाही. त्यात संताप आहे, आपण अशा माणसावर भाळलो याची शरम आहे, आणि अजूनही भाळलेले आहोत याची त्याहून मोठी शरम आहे. वाळूच्या दलदलीत दडवून ठेवलेली पत्र्याची पेटी वर काढून फ्रँकलिन जेव्हा रंगाचा डाग पडलेला तो झगा उलगडतो आणि चोर म्हणून त्यावर स्वतःचेच नाव वाचतो, तेव्हा रहस्याचा अर्धा भाग सुटतो. पण कादंबरीतला खरा प्रसंग त्यानंतरचा, रेचल आणि तो समोरासमोर येतात तो आहे. ज्याला या प्रसंगात मनोविश्लेषण दिसत नाही त्याला ते कुठे दिसणार, हे मला समजत नाही.

त्या झग्याची कथाही दुर्लक्षिण्यासारखी नाही. तो झगा दडवणारी रोझाना स्पिअरमन ही पूर्वायुष्यात चोरीची शिक्षा भोगलेली, एका खांद्याने अधू, रूपाने उणी अशी मोलकरीण फ्रँकलिनवर मनोमन प्रेम करते. तो चोर असावा अशी तिची खात्री पटते, आणि त्या खात्रीने तिला दुःख होण्याऐवजी आशा वाटू लागते, कारण तो तिच्या पातळीला उतरलेला असतो आणि त्याचे गुपित तिच्या हाती आलेले असते. ही एवढी एक रेषा काढणारा लेखक बाहुल्या नाचवीत होता असे म्हणवत नाही.

निरपराध माणसे इतके खोटे का बोलत, याला त्या काळच्या इंग्लंडातील कायदा आणि रीतही कारणीभूत होती. १८९८ च्या कायद्यापर्यंत तिथे आरोपीला साधारणपणे स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याचीच मुभा नव्हती. १९३७ पर्यंत घटस्फोटासाठी व्यभिचार हे जवळजवळ एकमेव कारण चाले, त्यामुळे कोणाचेही मोडलेले लग्न हे लपवण्याजोगे प्रकरण होई. खुनाला फाशी होती. नोकराला दाखला मिळाला नाही तर दुसरी नोकरी नव्हती. अशा समाजात घरातली अब्रू चव्हाट्यावर येण्याचे भय हे फासाच्या भयाशी तोलले जाई, आणि कित्येकदा तागडे अब्रूच्या बाजूला झुके.

विल्सन यांनी ज्या रॉजर अ‍ॅक्रॉइडची एवढी उपेक्षा केली त्याच्याकडे आता वळू. अगाथा ख्रिस्ती यांची ही कादंबरी १९२६ ची, आणि निवेदन करणारा डॉक्टर शेपर्ड हाच खुनी निघतो या एका गोष्टीसाठी ती प्रसिद्ध पावली. ती कलाटणी इतकी गाजली की तिच्याखाली उरलेले पुस्तक झाकले गेले. त्यात हर्क्युल प्वारो हा डिटेक्टिव्ह घरातल्या मंडळींना मेजाभोवती बसवून, तुमच्यापैकी प्रत्येक जण माझ्यापासून काहीतरी लपवीत आहे, असे सरळ तोंडावर सांगतो, आणि मग एकेक करून ती लपवलेली गाठोडी सुटू लागतात. मृताची भावजय सावकारांच्या तगाद्याने गांजून दिराचे मृत्युपत्र शोधीत कागदपत्रे उचकटत होती. चिटणीस कर्जबाजारी होता. बटलरने पूर्वीच्या धन्याचे गुपित जाणून त्याच्याकडून पैसे उकळले होते. दासी म्हणून राबणारी मुलगी घरच्या दत्तकवत मुलाची गुपचूप लग्न केलेली बायको होती. कडक, नीटनेटक्या घरकारभारणीला विवाहबाह्य संबंधातून झालेला, व्यसनाधीन झालेला मुलगा होता, आणि त्या रात्री तो तिला भेटायला आला होता. या यादीत थोर पातक एकही नाही. सगळी गुपिते लहान आहेत, ओशाळवाणी आहेत, आणि नेमकी म्हणूनच ती जिवापाड जपली जातात.

त्यांतले सर्वांत मोलाचे असत्य फ्लोराचे. ही मृताची पुतणी. पावणेदहाला मी काकांना त्यांच्या खोलीत जाऊन शुभरात्री म्हटले, असे ती जबानीत सांगते, आणि बटलरने तिला त्या दाराच्या मुठीवर हात ठेवलेली पाहिलेले असल्यामुळे कोणालाच शंका येत नाही. वास्तविक ती त्या खोलीत गेलेलीच नसते. काकांच्या शयनगृहातून चाळीस पौंड उचलून ती जिन्यावरून खाली उतरत असते, आणि कोणी येत आहे असे दिसताच तिने त्या दारातून बाहेर पडत असल्याचा बहाणा केलेला असतो. काका तेव्हा मरून जवळपास तास झालेला असतो. म्हणजे चाळीस पौंडांच्या लाजेने या मुलीने एका प्रेताला तासभर जिवंत ठेवले, आणि नऊच्या आधीच घर सोडून गेलेल्या खुन्याला, ज्याची तिला कल्पनाही नव्हती, आयती साक्ष मिळवून दिली. पुढे ही चोरी उघडकीला येते तेव्हा तिच्यावर मुकाट्याने प्रेम करणारा मेजर ब्लंट, ते पैसे अ‍ॅक्रॉइडने मलाच दिले होते, असे ठोकून देतो. एक खोटे झाकायला दुसरे खोटे पुढे येते, आणि दोन्ही बोलणारी माणसे तितकीच निर्दोष असतात. आश्रिताचे जिणे काय असते, दर बिलासाठी हात पसरताना मनाला कसे घट्टे पडत जातात, हे फ्लोराच्या कबुलीत ज्या कोरडेपणाने आले आहे, त्याला तोड द्यायला पुष्कळ गंभीर कादंबरीकारांना अवघड जाईल.

आणि डॉक्टर? तो या सर्वांत सत्यवादी. त्याच्या हस्तलिखितात खोटे असे एकही वाक्य नाही. फक्त दहाएक मिनिटांची एक फट आहे, आणि ती किती सफाईने ठेवली याचा त्याला मरतेवेळीही अभिमान वाटतो. निर्दोष खोटे बोलतात आणि अपराधी खरे बोलतो, हा पेच ख्रिस्तीबाईंनी मुद्दाम रचला होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना तोच डोळ्यांत भरतो.

इथे एक विषयांतर करतो. ही कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाई स्वतःच नाहीशा झाल्या. अकरा दिवसांनी त्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात, नवरा ज्या स्त्रीच्या प्रेमात पडला होता तिचेच आडनाव लावून राहत असलेल्या सापडल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्या अकरा दिवसांबद्दल अवाक्षर नाही. यावरून त्यांच्या मनाचे निदान करायला बसलेल्या चरित्रकारांची एक फौजच आहे, आणि मला तीत भरती व्हायचे नाही. एवढेच नोंदवतो, की सभ्य माणूस कोणत्या गोष्टीवर मरेपर्यंत गप्प राहतो हे त्यांना ऐकून माहीत नव्हते.

त्यांच्या सर्व लेखनात मला श्रेष्ठ वाटते ती मात्र अ‍ॅक्रॉइडची कथा नव्हे. ती जागा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिलेल्या 'फाइव्ह लिटल पिग्ज'ची. सोळा वर्षांपूर्वी अमायस क्रेल या चित्रकाराला विष घातल्याबद्दल त्याची बायको कॅरोलाइन दोषी ठरली आणि जन्मठेप भोगताना वर्षभरात वारली. आता त्यांची मुलगी मोठी होऊन लग्नाला उभी राहिली आहे, आणि आपल्या आईने खरोखरच हे कृत्य केले का, एवढे तिला जाणून घ्यायचे आहे. प्वारोसमोर ना प्रेत, ना पंचनामा, ना मुद्देमाल. आहेत त्या घटनेच्या वेळी हजर असलेल्या पाच माणसांच्या आठवणी, आणि प्रत्येकाने लिहून दिलेली कैफियत. कॅरोलाइनचा ज्याने द्वेष केला त्याच्या लेखी ती कारस्थानी, ज्याने तिची कीव केली त्याच्या लेखी दुबळी. एकच स्त्री पाच मनांतून पाच रूपांनी निघते, आणि वाचकाच्या लक्षात येते की प्रत्येक साक्षीदार तिच्याविषयी बोलता बोलता स्वतःचीच ओळख देत आहे.

खटल्यात कॅरोलाइनने बचाव असा केलाच नव्हता. ती शांत होती, जवळजवळ समाधानी होती, आणि ही शांतताच तिच्या विरुद्ध गेली. शिवाय एक गोष्ट न्यायालयापुढे आलीच नव्हती: घरातल्या शिक्षिकेने, मिस विल्यम्सने, कॅरोलाइनला नवऱ्याच्या प्रेताजवळ बिअरची बाटली रुमालाने पुसताना आणि मग त्या मृत हाताची बोटे बाटलीवर दाबताना पाहिले होते. तिने हे सोळा वर्षे कोणाला सांगितले नाही, कारण तिची सहानुभूती कॅरोलाइनकडे होती. आणि आता सांगते तेही, या पुराव्यापुढे मुलीने आशा सोडून द्यावी, म्हणून. प्वारो मात्र याच कृतीत कॅरोलाइनच्या निर्दोषत्वाचा निर्णायक दाखला पाहतो. विष बाटलीत नव्हतेच, ते पेल्यात होते. ज्याने विष घातले त्याला हे ठाऊक असणार. बाटली पुसणारीला ते ठाऊक नव्हते. ती दुसऱ्या कोणाच्या बोटांचे ठसे पुसत होती.

ते ठसे तिच्या धाकट्या सावत्र बहिणीचे, अँजेलाचे, असावेत अशी तिची समजूत होती. कुमारवयात मत्सराच्या झटक्यात कॅरोलाइनने तान्ह्या अँजेलाला कागदावर ठेवायचे जड वजन फेकून मारले होते. पोरीचा एक डोळा गेला, चेहरा विद्रूप झाला. तेव्हापासून त्या एका क्षणाचे ऋण फेडणे हाच तिच्या आयुष्याचा गाभा झाला, आणि अँजेलाने खोडीखोडीत बिअरमध्ये काही घातले असा ग्रह होताच, फेडीची संधी अखेर आली, असे तिला वाटले. आरोपीच्या पिंजऱ्यातली ती शांती म्हणजे कर्ज चुकते झाल्याची शांती होती. यातला दारुण भाग असा, की अँजेलाने काहीच केलेले नव्हते. कॅरोलाइनने स्वतःला ज्या निष्ठेने बळी दिले तिचा लाभ झाला तो एल्सा ग्रीअरला, म्हणजे नवऱ्याच्या त्या तरुण प्रेयसीला, जिने चित्र पुरे झाल्यावर आपल्याला हाकलून देण्यात येणार हे चोरून ऐकले होते आणि जी विष भिनत असलेल्या चित्रकारासमोर पोझ घेऊन बसून त्याला मरताना पाहत राहिली. ते चित्रही शिल्लक आहे, आणि प्वारो ते पाहतो. ख्रिस्तीबाईंना माणसे रेखाटता येत नव्हती असे ज्यांचे ठाम मत आहे, त्यांनी हे एक पुस्तक तरी वाचूनच ते मत कायम ठेवावे.

डोरोथी सेयर्स यांची 'गॉडी नाइट' (१९३५) ही याच सूत्राची वेगळी तऱ्हा. तीत खून नाही. ऑक्सफर्डच्या एका स्त्रियांच्या महाविद्यालयात कोणी अज्ञात व्यक्ती गलिच्छ पत्रे पाठवते, पुस्तके फाडते, नासधूस करते. सेयर्स स्वतः १९२० साली ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केला तेव्हाच्या पहिल्या तुकडीतल्या, त्यामुळे हे वातावरण त्यांच्या अंगवळणी पडलेले. तिथल्या विदुषी एकमेकींकडे संशयाने पाहू लागतात, कारण अविवाहित स्त्रीच्या दडपलेल्या वासना कधीतरी अशा उफाळून येतात हे त्या काळी फॅशनमध्ये असलेले मत त्यांनीही मुकाट्याने गिळलेले असते, आणि प्रत्येकीला मनातून स्वतःचीच धास्ती वाटत असते. एका चिठ्ठीत लॅटिन वचन आढळते, म्हणजे गुन्हेगार आपल्यातलीच असणार, असा त्यांचा पक्का ग्रह होतो. असते ती त्यांच्या खोल्या झाडणारी विधवा नोकर. तिच्या नवऱ्याची संशोधनातली लबाडी यांच्यातल्याच एका प्राध्यापिकेने उघडकीला आणलेली असते, तो नामुष्कीने आत्महत्या करतो, आणि लॅटिन वचन त्याच्याकडून तिच्याकडे आलेले असते. ज्या मानसशास्त्राच्या आधारे त्या विदुषी विचार करीत होत्या त्यानेच त्यांना आंधळे केले होते. दिवाणखान्यात चहाबरोबर फ्रॉइड वाटला जात होता त्या दशकात एका रहस्यकथालेखिकेने हे लिहावे, याचे मला कौतुक वाटते.

कौतुकाच्या भरात पक्षपात होऊ नये म्हणून हेही सांगतो, की या लेखकांनी जिथे जिथे मानसशास्त्राचा गाजावाजा केला तिथे ते बहुधा फसले आहेत. 'कार्ड्स ऑन द टेबल' (१९३६) मध्ये चार ब्रिज खेळणाऱ्यांपैकी खुनी कोण, हे प्वारो त्यांच्या डावांच्या गुणपत्रकावरून ठरवतो. धाडसी बोली लावून भागीदारणीवर डाव सोपवणारा आणि स्वतः डमी होऊन मेजावरून उठणारा डॉक्टर हा गुन्हाही तशाच धाडसाने करणारा, ही उपपत्ती वाचायला मजेची आहे, पण तिच्यात स्वभावाचे चार साचे आहेत, माणसे नाहीत. त्याच पुस्तकात रेशमी मोज्यांच्या ढिगाऱ्यापुढे प्वारो ज्या मुलीला एकटी सोडतो आणि परत मोजतो तेव्हा दोन जोड कमी भरतात, त्या मुलीच्या हातचलाखीत, आणि ती खुनी आहे असे समजून तिच्यासाठी खोटा कबुलीजबाब देणाऱ्या प्रौढ बाईत, मात्र पुन्हा जीव आहे. कारण पुन्हा तिथे झाकपाक आहे. चेस्टरटन यांचा फादर ब्राउन खुन्याच्या मनात शिरून स्वतःच मनोमन खून करतो आणि मग नाव सांगतो, हे धर्मगुरूला शोभते. पण त्या लघुकथांत संशयितांना बाळगायला गुपिते मिळण्याइतका अवकाशच नसतो.

आपल्याकडे हजारावर पुस्तके लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार, काळापहाड आणि धनंजय यांच्या पराक्रमांवर मराठी वाचकांच्या पिढ्या पोसल्या, आणि तो ऋणानुबंध विसरता येणार नाही. पण त्या कथांची खुमारी वेगात, वेषांतरात आणि पाठलागात होती. चौकशीच्या खोलीत उगाच घाम पुसणाऱ्या निर्दोष माणसाला तिथे थांबायला वेळ नव्हता. हे मला नेहमी नवलाचे वाटत आले आहे, कारण एकत्र कुटुंबातल्या झाकलेल्या मुठींची माहिती इंग्रज लेखकापेक्षा मराठी लेखकाला कमी असण्याचे काही कारण नव्हते.

माझी खरी तक्रार इंग्रजी लेखकांविरुद्ध आहे ती निराळी. खुन्याचे नाव पुकारले गेले, की ज्यांची गुपिते तपासाच्या ओघात उघडी पडली त्या बाकीच्या माणसांचे पुढे काय झाले, याची विचारपूस ते करीत नाहीत. तरुण असेल तर लग्न लावून देतात, आणि मोकळे होतात. अ‍ॅक्रॉइडच्या घरातल्या त्या कारभारणीने, मिस रसेलने, आयुष्यभर जपलेली गोष्ट मुलाला खुनाच्या संशयातून वाचवण्यासाठी सांगून टाकली. तिला ते घर सोडावे लागले का, मुलाने तिला पुढे कधी ओळख दिली का, याबद्दल पुस्तकात काही नाही. १९३० साली स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लबचे सदस्य महत्त्वाचा दुवा वाचकापासून लपवणार नाही अशी शपथ घेत. साहजिकच शेवटच्या प्रकरणात घरातला प्रत्येक कप्पा उघडून दाखवावा लागे, मग तो कोणाचाही असो. कॉलिन्स त्या आधीचे, आणि म्हणून मोकळे. 'मूनस्टोन'मध्ये अफूचा प्रयोग पुन्हा करून फ्रँकलिनचे निर्दोषत्व सिद्ध करणारा एझ्रा जेनिंग्ज हा डॉक्टरचा साहाय्यक स्वतः एका जुन्या, भयंकर आरोपाखाली पिचलेला आहे; तो आरोप काय होता हे तो सांगत नाही, प्रयोगाबद्दलची तेवढी पाने रोजनिशीतून फाडून देतो आणि बाकीचे कागद आपल्याबरोबर पुरायला लावतो. कादंबरी संपते तरी ते गुपित उघडत नाही. सेयर्स-ख्रिस्ती यांच्या पिढीत एखाद्याने असे प्रकरण लिहिले असते तर संपादकाने अपुरे म्हणून साभार परत पाठवले असते, आणि छापले असते तर वाचकांनी तक्रारीची पत्रे लिहिली असती.